मागचा आवाज

राजरत्नने रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा मागे नेलं, हेडफोन कानांवर दाबून धरला, आणि या वेळी त्याला तो आवाज नीट ऐकू आला.

हुशार पोरं एकदा ऐकतात आणि फॉर्म भरून मोकळी होतात. राजरत्नचं तसं नव्हतं. टिटवाळ्याच्या शाळेत इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकलेला गडी, त्यात गेल्या सेमिस्टरला याच विषयात एटीकेटी लागलेली. कल्याणच्या कॉलेजातल्या या लँग्वेज लॅबमध्ये बसला की आपला नंबर येऊ नये, एवढंच त्याला वाटायचं. पद्धत अशी, की दर आठवड्याला प्रत्येकाने घरून दोन मिनिटं इंग्रजीत बोलून पाठवायचं. ते दुसऱ्याने ऐकायचं, फॉर्म भरायचा आणि काय ऐकलं ते उभं राहून इंग्रजीतच सांगायचं. आज त्याच्या वाट्याला उर्वीचं रेकॉर्डिंग आलं होतं. उर्वी म्हणजे डोंबिवलीची, वर्गात सगळ्यांत फर्डं इंग्रजी बोलणारी. आपलं नशीबच फुटकं, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं.

विषय होता 'आमच्या घरचा रविवार'. रविवारी बाबा सगळ्यांसाठी पोहे करतात, असं उर्वी सांगत होती. पहिल्या खेपेला त्याला एवढंच कळलं. दुसऱ्या खेपेला पोह्यांच्या मागे काहीतरी दणकन आपटलं. तिसऱ्या खेपेला त्याने आवाज पूर्ण वाढवला.

लोखंडी कपाटावर काहीतरी आदळत होतं. एकदा, दोनदा, मग थोडं थांबून पुन्हा. "अहो, डोकं... डोकं सोडा माझं," एक बाई कण्हत होती. पुरुष ओरडतही नव्हता. "वर बघ. वर बघ म्हणतोय ना मी," असं तो शिकल्यासवरल्या माणसाच्या शांत आवाजात म्हणायचा आणि परत आपटायचा. मग पट्टा सपकन फिरला. पुन्हा फिरला. राजरत्नने मोजायचं नाही म्हटलं तरी सात मोजले. पट्ट्यागणिक उर्वीचं इंग्रजी भराभर पळायला लागलं. बाबांचे विनोद, बाल्कनीतली तुळस, दुपारचा पिक्चर. मध्ये एकदा ती अडखळली, तर मागून ती बाईच कशीबशी म्हणाली, "उर्वी, थांबू नकोस गं. तुझं होऊ दे."

एवढं वाक्य समजायला त्याला रेकॉर्डिंग मागे न्यावं लागलं नाही.

फॉर्मच्या तळाला शेवटचा रकाना होता. 'मागचा आवाज: आहे / नाही. असल्यास एक मार्क वजा.' आणि वर्गाचा ठरलेला रिवाज असा, की कुणी कुणाचा मार्क कापायचा नाही. मागे कुकर शिट्ट्या मारू दे, नाहीतर कुत्री भुंकू दे, बिनधास्त 'नाही'वर खूण करायची. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारचा ड्रिल घरघरत होता, तरी पुढच्या बाकावरच्या आसावरीने 'नाही' केलं होतं. वर त्याच्याकडे बघून हसलीही होती.

पेन 'नाही'वर टेकवून त्याने समोर पाहिलं. एवढ्या उकाड्यात उर्वी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून बसली होती आणि त्याच्या पेनाकडे बघत होती. त्याने पेन उचललं आणि 'आहे'वर खूण केली.

"राजरत्न, उभा राहा. इन इंग्लिश," वासंती मॅडम म्हणाल्या.

तो बाकाची कड धरून उभा राहिला. "मॅडम, अ मॅन इज बीटिंग अ वूमन."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी चष्मा वर केला. "अरे, उर्वी काय बोलली ते सांग. मागचं काय करायचंय आपल्याला? विषय रविवारचा आहे ना?"

"येस मॅडम. संडे. ही इज हिटिंग हर हेड. ऑन..." कपाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला काही केल्या आठवेना. "ऑन कपाट. देन बेल्ट. सेवन टाइम्स." आपल्या तोकड्या इंग्रजीचा त्याला आयुष्यात एवढा संताप कधी आला नव्हता. त्याने ते सोडूनच दिलं. "मॅडम, तिच्या आईला मारतायत ओ. मरेल ती बाई."

आता कुणी हसलं नाही. उर्वी उठून त्याच्या बाकापाशी आली. ही आता आपल्या थोबाडीत मारणार, असं त्याला वाटलं, आणि आपण सगळ्या वर्गासमोर हिचं घर उघडं पाडलं म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याच्या हातातला फॉर्म घेतला, शेवटची खूण पाहिली आणि तो मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"कापा माझा मार्क," ती म्हणाली. लॅबमध्ये मराठीत बोललेली ती पहिल्यांदाच.

मॅडमचा चेहरा उतरला होता. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलत होते की, मॅडम. हे चौथं रेकॉर्डिंग आहे. आधीच्या तिघांनी 'नाही'वर खूण केली. माझा मार्क जाऊ नये म्हणून."

पुढच्या बाकावर आसावरीने मान खाली घातली. तिच्यापाठोपाठ आणखी दोघांनी.