पहिले थेंब

दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातही पुनाजीच्या मोहाच्या दारूचं नाव होतं. पुतण्या अमरनं ऑस्ट्रेलियाहून लपवून आणलेल्या बिअरचा त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कंपनीवाले पानी इकून राह्यले का रे? हे पेलेला माणूस तं सकाळी उठून कामाले जाईन. माह्या हातची पेला का उठतच नाई!"

घरात दारू आली की पहिले थेंब गेलेल्यांना वाहायचे, ही त्यांची रीत. बायको रुखमानं त्याच्या हातातून बिअरचा डबा घेतला, घरामागं गेली आणि पोळ्याच्या दिवशी बापाच्याच भट्टीवरची दारू पिऊन मेलेल्या आणि तिथंच पुरलेल्या लेकाच्या मातीवर सगळा ओतला.



"पी बेटा. हे पेलं का माणूस सकाळी उठते, म्हणून राह्यला तुहा बाप."