आजोबांच्या नावाखाली

घड्याळजीच्या चुलतभावाने इंटरनेटवर वंशवृक्ष टाकला. आजोबांच्या नावाखाली लिहिलं, "गिरणीच्या आगीत दार न उघडणारा पहारेकरी." घड्याळजीने फोनवर खडसावलं, "अरे, आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते! तो दुसराच कुणी, नाव सारखं एवढंच." "काढतो रे, काय मनाला लावून घेतोस?" भावाने काढलंही, पण तोवर ते चहूकडे पसरलं होतं. आठवड्याने एका गिऱ्हाइकाने दुकानात काळवंडलेलं घड्याळ समोर ठेवलं. "हे नाही दुरुस्त व्हायचं," घड्याळजी म्हणाला. "ठाऊक आहे. माझ्या आजोबांच्या खिशात होतं, त्या आगीत." घड्याळजीने हातातलं भिंग खाली ठेवलं. "ती माहिती चुकीची होती, साहेब." "आता असंच म्हणणार. तुमच्या मुलीचंही नाव वाचलं तिथे, शाळेसकट." तो मोटारसायकलवरून गेला. घड्याळजी धावतच शाळेच्या फाटकाशी पोचला, तेव्हा तो माणूस मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट करत होता.