पट्टीच्या वरचं पाणी

टाळेबंदीत बाबांना माझा आणि माझ्या प्रियकराचा मिठीतला फोटो सापडला. माझा फोन जप्त झाला. तेव्हापासून मी पुन्हा खोकला नसताना खोकल्याचं औषध ढोसत होतो. बाबा जुने कंपाउंडर. घरातल्या बाटलीवरही डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचे. म्हणून प्यायलो की पट्टीवरच्या आधीच्या खुणेपर्यंत मी पाणी भरून ठेवायचो. पण आठवडाभर औषध खुणेच्या वर चढलेलं दिसत होतं. बाबांनी सापळा लावला की काय? ते दवाखान्यात गेल्यावर मी दाराआड दबा धरला. बाटलीत पाणी ओतायला आली ती आई! "तुला कसं कळलं?" मी पुढे झालो. "मला कुठलं कळायला! तुझ्या त्यानं सांगितलं, एकटा पडला की हा औषध पितो म्हणून. पाणी घालून औषध पातळ करायची युक्तीही त्याचीच. रोज फोन करतो, आज किती प्यायला, विचारतो." तिचा फोन वाजला. "घे, आज तूच सांग."