मागं राहिलेला सारस

मोहाडीजवळच्या गावात धान पिवळं पडू लागलं, तशी दरवर्षीसारखी गावकऱ्यांची पक्षीफेरी निघाली. सयत्राबाईनं आपल्या धानाच्या बांधीत सारसांचं घरटं पावसाळाभर राखलं होतं, म्हणून फेरीच्या पुढं तीच चालत होती. वळणावर ती थबकली. विजेच्या तारांखाली त्या जोडीतली मादी मरून पडली होती आणि नर तिच्याजवळ उभा होता. तो चोचीनं तिचा पंख उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. सोबतच्या वनरक्षकानं फोन करून गाडी बोलावली. गाडी आली, तसं त्यानं पोतं उघडलं आणि नराला हाकलायला काठी उचलली. “तपासणीसाठी भंडाऱ्याले न्या लागते, बाई.” सयत्राबाई मध्ये येऊन उभी राहिली. “थांबा जी. करोनात माह्या माणसाले असंच गुंडाळून नेलं. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती, तोंडबी पाहू नाई देलं. याले तरी पाहू द्या.” इतकी वर्षं हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. बोलून झालं आणि ती बांधावर बसून मोठ्यानं रडू लागली. फेरीतल्या बाया तिला धरून बसल्या. वनरक्षकानं काठी खाली ठेवली आणि गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. ऊन चढलं, तरी कोणी घरी गेलं नाही. दुपारी नर थोडं चालला, थांबला, मग तळ्याकडे उडून गेला. उडताना त्यानं दिलेली हाक रानभर ऐकू आली. सयत्राबाईनं पदरानं डोळे पुसले, मादीचे विस्कटलेले पंख अंगाशी नीट मिटवले आणि वनरक्षकाला म्हणाली, “न्या आता.”