गोठ्याची ऊब

ऋजुता सकाळी घाम पुसतच आपल्या मुक्कामाच्या कॅम्पर गाडीतून उतरली, तेव्हा बाहेर स्पितीच्या थंडीने बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. गाडीला नवा लेप लावल्यापासून हीटरची गरजच पडत नव्हती. आसपास जी काही उष्णता असेल, ती हा लेप आत ओढून घ्यायचा.

"गोठ्याला चिकटवून लाव गाडी, मेंढ्यांची ऊब मिळेल," असं गोठ्याच्या मालकीण छेरिंगआजी काल म्हणाल्या, तेव्हा ऋजुताने लेपाचं काही न सांगता गाडी तिथेच लावली होती. एका रात्रीने काय होतंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आता गोठ्याच्या दारात आजी एक गारठून ताठरलेलं कोकरू मांडीवर घेऊन चोळत बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांनी काळजीने विचारलं, "पोरी, तुला मिळाली ना गं ऊब?"