उजवी पाकळी
फ्रिजच्या दारातला इंजेक्शनांचा डबा जागेवर नव्हता. म्हापशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. मूल व्हावं म्हणून चाललेले हे उपचार आम्ही घरात कुणालाच सांगितले नव्हते. विचारलंच तर 'व्हिटॅमिनची आहेत' म्हणायचं ठरलं होतं. मी शोधतेय हे पाहून सासूबाई आल्या. "लायट जातली म्हणान सकाळीच वर बर्फात ठेवलंय गो. नासाक नको." लाईट दिवसभर गेलीच नव्हती. मी वरचा कप्पा उघडला. बांगडे बाहेर काढून, कप्पा पुसून, डबा त्यांच्या देवपूजेच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. आतली औषधं गोठून दगड झाली होती आणि झाकणाला एक गारठलेली पाकळी चिकटली होती. "सोमवारी देवळात प्रसाद लावून कौल घेतलंय. उजवी पाकळी पडली. देवान होय म्हटल्यान." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, बहुधा पहिल्यापासून. ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. "बरं केलंत, आई," म्हणाले, डबा ओट्यावर ठेवला आणि बेकरीतून पाव आणते सांगून स्कूटर काढली ती थेट म्हापशाला. परतले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारातच होत्या. "पाव खंय?" पाव मी साफ विसरले होते. त्यांची नजर माझ्या हातातल्या नव्या डब्यावर गेली, मग ओट्यावर वितळत पडलेल्या जुन्याकडे. जुन्यावरची पाकळी त्यांनी अलगद सोडवली, पदराने टिपली, नव्यावर ठेवली आणि तो डबा माझ्याकडून दोन्ही हातांत घेऊन विचारलं, "आता खंय ठेवू गो?"