छताला भोक

"छताला भोक पाडावं लागेल," श्रीराम म्हणाला.

"पाडायचं नाही," मोरेश्वर म्हणाला.

सकाळपासून दोघं एकमेकांशी इतकंच बोलले होते. मोरेश्वरच्या ड्राइव्हवेवर व्हॅन उभी होती. आत पाण्याची मोठी टाकी, पंप, काचा पुसायचे लांब दांड्याचे ब्रश, आणि कालच खोक्यातून काढलेला गॅसचा गिझर. अमेरिकेतल्या नेपरव्हिलला नोव्हेंबर संपता संपता काचेवर मारलेलं पाणी पुसायच्या आत गोठतं. गरम पाणी नसेल तर घरोघरच्या काचा पुसायचा धंदा मार्चपर्यंत बंद, आणि मार्चपर्यंत थांबायची मोरेश्वरची ऐपत नव्हती. आयटीतली नोकरी गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं.

श्रीराम त्याचा साडू. एका कंपनीत बॉयलरची डिझाइनं करायचा. तो आपण होऊन आला नव्हता. मोरेश्वरच्या बायकोने, शुभाने, बहिणीला, देवयानीला, फोन केला होता आणि देवयानीने नवऱ्याला पिटाळलं होतं. भांडताना दोघं एकमेकांना 'राव' लावत. सासुरवाडीची तेवढी रीत दोघांनीही सोडली नव्हती.

श्रीरामचं म्हणणं सरळ होतं. गॅस जळला की विषारी वायू होतो, त्याला चिमणीने बाहेर काढायला हवं. मोरेश्वरने ऐकून घेतलं आणि सांगलीच्या घराचा दाखला दिला. बाथरूममध्ये वीस वर्षं गॅस गिझर होता, थंडीत खिडकीच्या फटीत फडकी कोंबून सगळे अंघोळ करायचे, कोणी मेलं नाही. शिवाय चिमणी लावलेली व्हॅन म्हणजे चहाची टपरी दिसेल. उद्या बरी नोकरी लागली तर छताला भोक पडलेली व्हॅन घेणार कोण? सुंभ जळला होता, पीळ शाबूत होता.

"काम करताना मागची दारं उघडीच असतात," तो म्हणाला. "तुम्ही फक्त गॅसची लाइन जोडा, श्रीरामराव. इंजिनिअरिंग नको."

श्रीरामने लाइन जोडली, गळती तपासली. मग विचारलं, "आणि जेवताना?"

टाकीशेजारी एक बादली पालथी घातलेली होती. तिच्यावर घडी केलेला टॉवेल आणि लोणच्याची छोटी बाटली होती. दुपारचा डबा तो तिथेच बसून खातो हे सांगायची गरज नव्हती.

"दारं बंद करून जेवता तुम्ही. पाणी तापत ठेवून जेवाल. अर्ध्या तासात खलास व्हाल, मोरेश्वरराव."

"काही होत नाही. प्रूव्ह करू?" असं म्हणून मोरेश्वर आत चढला. त्याने पंप सुरू केला, गिझर पेटवला आणि दार ओढलं. ते लागायच्या आत श्रीराम आत शिरला. त्याच्या हातात विषारी वायूचा अलार्म होता, हवेतलं प्रमाण आकड्यात दाखवणारा. दार लागलं.

श्रीराम टाकीला टेकून उभा राहिला. मोरेश्वर बादलीवर बसला. गिझर घुरघुरत होता आणि आत छान ऊब आली होती. खरी भीती त्या उबेचीच होती, तिच्यात वायू चढलेला कळत नाही. अलार्मवर शून्य होतं. थोड्या वेळाने बारा झालं.

"बघा," श्रीराम म्हणाला.

"बघतोय."

तीस. पंचेचाळीस. पुढे दोनशे. श्रीरामने दाराच्या कडीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मोरेश्वरनेही लावला नाही. दोघांचे सासरे असते तर दोघांच्याही थोबाडीत मारली असती.

"दार उघडं ठेवून जेवायला काय जातं तुमचं?" श्रीरामने शेवटी विचारलं. त्याचं डोकं जड व्हायला लागलं होतं.

"माझं काही जात नाही. तुम्हीच देवयानीकडून निरोप दिला होता ना, आमच्या लेनमध्ये सगळे मराठी मंडळाचे लोक राहतात, तिथे काम घेऊ नका म्हणून? मी घेतलं. काम सोडणं परवडत नाही मला. पण तुमची लाज राखली. तुमचा साडू व्हॅनमध्ये जेवताना कोणाला दिसू नये म्हणून दार लावून जेवलो."

त्याच वेळी अलार्म किंचाळायला लागला. त्या डब्यात तो आवाज सहन होण्यासारखा नव्हता. मोरेश्वर बादलीवरून उठायला गेला आणि त्याचा तोल गेला. टाकीची कड धरून तो तसाच अर्धवट उभा राहिला. आता मात्र श्रीराम घाबरला. त्याने एका हाताने गिझर बंद केला, दुसऱ्याने दार ढकललं आणि मोरेश्वरच्या जॅकेटची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं.

दोघं ड्राइव्हवेच्या कडेला बसले. थंडीने नाकं झोंबत होती. शुभा दारात आली. कसला आवाज, असं तिने विचारलं. टेस्टिंग, असं दोघांनी एकदमच सांगितलं. ती आत गेली.

बऱ्याच वेळाने मोरेश्वर उठला. टूलबॉक्समधून ड्रिल काढून त्याने श्रीरामसमोर धरलं.

"पाडा भोक."

श्रीराम व्हॅनमध्ये चढला. टेप लावून मोजलं, पेन्सिलने छतावर गोल काढला. मग मागे न बघता म्हणाला, "बुधवारी मी घरून काम करतो. दुपारी एकला, जेवायच्या वेळी, घरीच असतो."

"मागच्या बुधवारीही होतात," मोरेश्वर म्हणाला. "तुमच्या शेजारच्यांची वरची काच पुसत होतो मी. तुम्ही मला बघून पडदा ओढलात."

श्रीरामने ड्रिल सुरू केलं.